तॅन्ने

प्रशिक्षक गुनिल्लानं बटण दाबून पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि लेझरचा लाल ठिपका रूत नीवाच्या पाठीवर नेऊन ठेवला.

“आता नीट बघा,” ती म्हणाली. “हिची मान कुठे आहे?”

खोलीत बावीस जणी होत्या. स्ट्रँडविकचा अख्खा आइस हॉकी संघ सकाळचा हलका सराव आटोपून, ओल्या केसांनी, पाय पसरून बसला होता. पडद्यावरची मॅच चार वर्षांपूर्वीची होती. तेव्हा रूत याच संघात होती आणि याच खोलीत बसायची. चित्रात ती आपल्याच गोलाच्या मागे, मैदानाकडे पाठ करून उभी होती. काळी रबरी चकती तिच्या स्टिकच्या टोकाशी, नजर खाली बर्फावर, आणि समोरच्या संघातली एक धिप्पाड मुलगी तिच्या अंगावर चालून येत होती.

गुनिल्लानं चित्र पुढे सोडलं. रूतनं मान वर केली नाही, मागे वळून पाहिलं नाही, नुसती चकती ढकलली. ती दोघींच्या मधून, एकीच्या पायांखालून सुटली आणि सरळ मिर्यम लांटोच्या स्टिकवर जाऊन थांबली.

“वर बघितलं तिनं?” गुनिल्लानं विचारलं.

“छे!” टिंड्रा म्हणाली. टिंड्रा एकोणीस वर्षांची, पहिल्या फळीत मिर्यमच्या डाव्या हाताला खेळायची. मनात आलेलं तोंडातून बाहेर पडायला तिला अजिबात वेळ लागत नसे. “बाईला पाठीवर डोळे आहेत की काय?”

“डोळे नाहीत. कान आहेत.” गुनिल्लानं आवाज वाढवला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. प्रेक्षकांच्या गलक्यातून एक टोकदार हाक आली, “तॅन्ने!” आणि त्याच क्षणी चकती सुटली.

एकवीस माना मिर्यमकडे वळल्या.

“म्हणजे काय गं?” टिंड्रानं विचारलं.

“इकडे,” मिर्यम म्हणाली. “आमच्या नदीकाठच्या भाषेत.”

गुनिल्लानं आणखी तीन तुकडे दाखवले. वेगळी मैदानं, वेगळे संघ, पण चारही वेळा तेच: वाकलेली मान, ती हाक आणि न बघता दिलेली चकती. मग तिनं दिवा लावला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

“रूत आता ग्रानहोल्मची आहे. जर्सी बदलली, कान काही बदलले नाहीत. आज ती गोलाच्या मागे अडकली की तू हाक मारायचीस, मिर्यम.”

खोलीत एकच हशा पिकला. कुणी शिट्टी मारली, टिंड्रानं तर स्टिक जमिनीवर आपटायला सुरुवात केली. मिर्यम हसली नाही.

“नाही,” ती म्हणाली.

“यात नियम कुठे मोडतो?”

“मोडत नसेल. पण ती हाक यासाठी नाही.”

“तुझ्याकडे चांदीची पदकं किती आहेत?”

“चार.”

“पाचव्यासाठी खिळा ठोकून ठेवलायस?”

हशा थांबला. गुनिल्ला मनानं वाईट नव्हती. बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं उगाचच पडदा गुंडाळायला घेतला. “बरं बाई. तुझं तू ठरव. मी काही सांगितलं नाही.”

अंतिम फेरी पाच मॅचची होती. दोन स्ट्रँडविकनं जिंकल्या होत्या, दोन ग्रानहोल्मनं, आणि पाचवी आज दुपारी तीनला. जिंकणारा संघ स्वीडनचा विजेता. तिथे कुणी ‘विजेतेपद मिळालं’ असं म्हणत नाही, ‘सोनं मिळालं’ म्हणतात, आणि सोनं मिळालं की खेळाडू तिथल्या तिथे, बर्फावरच, डोक्यावर सोनेरी हेल्मेट चढवतात. शेवटच्या मॅचला अशा हेल्मेटांचं एकेक खोकं दोन्ही संघांच्या बाकामागे घोंगडीखाली झाकून ठेवलेलं असतं. खेळाडू त्याच्याकडे बघत नाहीत. बघितलं की ते दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, अशी समजूत आहे. मिर्यमनं चार वेळा न बघूनसुद्धा ते दुसऱ्याच्याच डोक्यावर गेलं होतं.

तेहेतीस वर्षांची होती ती. सतराव्या वर्षी घर सोडून या खेळासाठी दक्षिणेत आली, तेव्हा सकाळी दुकानात मासळी विकायची आणि दुपारी मुलांच्या संघांनी खरवडून टाकलेल्या बर्फावर खेळायची. मॅच बघायला तीस-चाळीस माणसं यायची, त्यातली निम्मी खेळाडूंची आईबापं. आता या रिंकमध्ये सहा हजार लोक बसत आणि लहान मुली तिच्या नावाच्या जर्सी घालून कठड्याला नाकं चिकटवून उभ्या राहत. हे सगळं तिच्या देखत, तिच्या गुडघ्यांच्या जिवावर उभं राहिलं होतं. सोनं तेवढं राहिलं होतं. आणि डाव्या गुडघ्यानं डिसेंबरातच सांगून टाकलं होतं की हा हंगाम शेवटचा. ही गोष्ट डॉक्टर सोडून फक्त एका माणसाला माहीत होती.

ते माणूस रिंकच्या कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन कप कॉफी घेऊन बसलं होतं.

“ये, बस की,” रूत म्हणाली. “गुडघा कसा हाय?”

“हाय जाग्यावर.”

“खोटं नगं बोलूस. जिन्यावरनं आडवी उतरत व्हतीस, बघितलं म्या.”

“मग इचारतीस कशाला?”

रूतनं पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत चुलीवर भाजलेल्या चीजचा पिवळा तुकडा होता. “आयनं धाडलंय. निम्मं तुजं. म्हनली, तिला हरवायच्या आदी पोटभर खायला घाल.”

“तुजी आय लई ग्वाड बोलती.”

दोघींनी चीजचे तुकडे कॉफीत टाकले आणि ते मऊ व्हायची वाट बघत बसल्या. शेजारच्या टेबलावरून ग्रानहोल्मची एक तरुण खेळाडू डोळे फाडून बघत होती.

“ईऽऽ! कॉफीत चीज?”

“तुला कुणी देतंय का?” रूत तिला स्वीडिशमध्ये म्हणाली. “नाही ना? मग तोंड तिकडे कर.” आणि पुन्हा मिर्यमकडे वळून, “ह्या पोरींस्नी काय बी ठावं न्हाई बग.”

स्वीडनच्या उत्तर टोकाला, टोर्ने नदीच्या काठी, एकाच गल्लीत दोघी वाढल्या. त्यांच्या आज्यांना शाळेत ही नदीकाठची भाषा बोलल्याबद्दल छड्या बसल्या होत्या, आयांनी ती स्वयंपाकघरापुरती ठेवली. या दोघींनी ती नदीवर नेली. गोठलेल्या नदीवर मुलांच्या घोळक्यात त्या दोघीच मुली. मुलं सगळी मास्तरांच्या धाकानं स्वीडिशमध्ये ओरडायची, म्हणून यांनी आपली हाक वेगळी ठेवली. पुढे एकाच संघात अकरा वर्षं खेळल्या, एका खोलीत राहिल्या, देशासाठी खेळल्या. राष्ट्रीय शिबिरात एकदा कोणी फर्मान काढलं की जेवणाच्या टेबलावर फक्त स्वीडिश बोलायचं. त्या आठवड्यात दोघी एकमेकींशी खाणाखुणांनी बोलल्या, पण स्वीडिश बोलल्या नाहीत. तोंडातून शब्दच फुटेना. स्वतःच्या घरात बूट घालून शिरल्यासारखं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी रूत ग्रानहोल्मला गेली आणि तिला दोनदा सोनं मिळालं. मिर्यमनं दोन्ही वेळा तिच्या गळ्यात पडून तिचं अभिनंदन केलं होतं, आणि दोन्ही वेळा खोलीत जाऊन उशी तोंडावर घेतली होती. हेही रूतला माहीत होतं.

“सांगितलंस का संघाला?” रूतनं विचारलं.

“उद्या सांगीन. आज सांगितलं तर समद्या रडत खेळतील.”

“ती टिंड्रा तर भोकाड पसरंल.”

“आनि तू? तू कुनाला बोलली न्हाईस न्हवं? गुडघ्याचं?”

रूतनं चमचा खाली ठेवला. “खुळी हैस का?”

“आपलं इचारलं.”

“नगं इचारत जाऊस असलं.” मग तिलाच हसू आलं. “म्या एक सांगू? आज हाक नगं मारूस बरं का मला. तुजी हाक सपनात आली तरी पाय हालतो माजा. नवरा लाथा खातोय बिचारा. मारलीस हाक तर देऊन बसंन मी.”

“त्यो शबूद काय त्यासाठी हाय व्हय?”

“ठावं हाय गं. थट्टा करतीया.”

सकाळच्या व्हिडिओचं मिर्यमनं सांगितलं नाही. संघाची गोष्ट संघातच राहिली पाहिजे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कपातला शेवटचा तुकडा चमच्यानं उचलून खाल्ला.

तीन वाजता रिंकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल बडवत होते, बाया-बाप्ये घसा फोडून गात होते. ग्रानहोल्मचे पाहुणे तर घरून चांदीच्या रंगाचे चमचे घेऊन आले होते. मिर्यम बर्फावर उतरली की शे-दीडशे लोक एकदम चमच्यांवर चमचे आपटत. चांदीची मिर्यम! चांदीची मिर्यम! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं. दहाव्यांदा नाही आलं.

पहिला गोल रूतनंच केला. लांबून, कडेवरून, गर्दीतून कुणाला दिसण्याआधीच चकती जाळ्यात. शून्य–एक. चमचे वाजले. दुसऱ्या सत्रात टिंड्रानं गोलकीपरच्या अंगावर आपटून उडालेली चकती जवळजवळ पोटावर पडून आत ढकलली. एक–एक. ती उठून इतकी नाचली की घसरून पुन्हा पडली आणि तिच्याच बाकावरच्या मुली पोट धरून हसल्या. तिसऱ्या सत्रात ग्रानहोल्मचा दुसरा गोल झाला आणि मग घड्याळ पळायला लागलं. पाच मिनिटं राहिली. तीन. दोन.

गुनिल्लानं आपली गोलकीपर बाहेर बोलावली आणि तिच्या जागी सहावी खेळाडू पुढे धाडली. गोल उघडा टाकून सगळ्या जणी चालून गेल्या. आता एखादी चुकार चकती मागे सुटली असती तर खेळ तिथेच खलास. ग्रानहोल्मच्या सामानवाल्या काकांना धीर धरवला नाही, त्यांनी हेल्मेटांच्या खोक्यावरची घोंगडी काढली. एकावन्न सेकंद उरले होते. टिंड्रानं कोपऱ्यातून चकती कशीबशी मध्ये टाकली आणि मिर्यमनं ती येतानाच, न थांबवता मारली.

जाळं हललं. दोन–दोन.

सहा हजार माणसं उभी राहिली, आणि काकांनी घाईघाईनं घोंगडी पुन्हा पांघरली.

जादा वेळेआधी पंधरा मिनिटांची विश्रांती होती. मिर्यमनं खोलीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. गुडघा सुजून टम्म झाला होता, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. अंगभर नुसती वीज खेळत होती. कानांत ढोल वाजत होते आणि इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती तेवढी भूक लागली होती. पोटातली नव्हे. गुनिल्लानं भाषण केलं नाही. “पहिला गोल, तोच शेवटचा,” एवढंच म्हणाली आणि मिर्यमच्या हातात पाण्याची बाटली देताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

टिंड्रा सरकत सरकत शेजारी येऊन बसली.

“ए मिर्यम. मारून टाक ना एकदा ती हाक.”

“गप्प बस.”

“कळणार कुणाला? एवढ्या गोंगाटात?”

“तिला कळेल.”

“एकटीला!” टिंड्रा म्हणाली, जणू एकटी म्हणजे कुणीच नाही.

मिर्यमनं बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा पहिल्यापासून आवळल्या.

जादा वेळ सुरू झाला आणि खेळाचा रंगच बदलला. आता कुणी चूक करायला तयार नव्हतं, आणि दमलेले पाय चूक केल्याशिवाय राहायला तयार नव्हते. चाळीस सेकंदांची पाळी, मग बाकावर धाप टाकायची, मग पुन्हा उडी मारून बर्फावर. ग्रानहोल्मचा एक फटका गोलाच्या खांबावर ठण्णकन आपटला आणि सगळ्या रिंकचा श्वास अडकला. दुसऱ्या टोकाला टिंड्रा एकटी सुटली, पण गोलकीपरनं पाय आडवा घातला. लोक आता गात नव्हते, नुसते ओरडत होते.

सहाव्या मिनिटाला मिर्यम चकतीच्या मागे कोपऱ्यात शिरली. चकती कठड्याला चिकटली होती, ती काढायला तिला वाकावंच लागलं आणि वाकताना डावा गुडघा बाहेर उघडा पडला. तिला बर्फ कापत येणारे बूट ऐकू आले. कुणाचे, हे बघायची गरज नव्हती. ती धाव तिला पाठ होती. डावीकडून धडक बसली असती तर ती उठली नसती, आज नाही आणि कदाचित महिनाभर नाही. रूतला डावीकडूनच जवळचं होतं. पण शेवटच्या क्षणी ती अर्धवर्तुळ घेऊन उजवीकडून आली आणि तिनं खांदा दिला, चांगला सणसणीत, बरगड्या हलवणारा. चकती घेऊन ती निघूनही गेली.

मिर्यम कठड्याला धरून उभी राहिली. गुडघा जागेवर होता. बाकावर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. “काय वाजवली गं तुला!” असं एक जण म्हणाली.

तिच्या पुढच्या पाळीला चकती ग्रानहोल्मच्या गोलाच्या मागे गेली.

रूत तिथे आधी पोचली. मैदानाकडे पाठ, मान खाली. टिंड्रा तिच्या अंगावर चालून गेली, दातओठ खात, स्टिक लांब करून. डावीकडे कठड्यापाशी रूतची जोडीदार ओरडत होती, इथे, इथे, स्वीडिशमध्ये. मिर्यम गोलाच्या समोर होती. एकटी. तिच्या आणि गोलकीपरच्या मधे कुणी नव्हतं आणि सगळ्यांचे डोळे त्या कोपऱ्यावर होते.

पुढे कितीतरी दिवस तिनं स्वतःला सांगून पाहिलं की तोंडातून आपसूक निघालं. वीस-पंचवीस वर्षांची सवय, अंगात भिनलेली. रूत गोलामागे वाकलेली दिसली की जिभेवर यायचंच. यातलं पुष्कळसं खरंही होतं. पण ओरडण्याआधी तिनं श्वास घेतला होता. छातीभरून. एवढा श्वास आपसूक घेतला जात नाही.

“तॅन्ने!”

रूतनं मान वर केली नाही. चकती टिंड्राच्या स्टिकला चुकवून, गोलाच्या कडेला वळसा घेऊन, बर्फावरून सूत धरल्यासारखी सरळ आली. इतकी सुंदर दिली होती की मिर्यमला नुसती स्टिक टेकवायची होती. गोलकीपर अजून कोपऱ्याकडे बघत होती. मिर्यमनं चकती उचलून वरच्या कोपऱ्यात घातली.

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग छत कोसळावं तसा आवाज झाला.

तिनं स्टिक फेकली, हातमोजे फेकले, हेल्मेट फेकलं आणि कुठे जायचं ते न कळून धावत सुटली. मग टिंड्रानं तिला कमरेत धरून खाली पाडलं आणि त्यांच्यावर एकेक करून वीस जणी येऊन पडल्या. कुणाचं कोपर तोंडात, कुणाचा बूट पाठीत. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी तिच्या कपाळाचे मुके घेत होतं. ढिगाच्या तळाशी मिर्यम मोठमोठ्यानं हसत होती. सोळा वर्षं! मासळीच्या दुकानापासून ते इथवर! तो आनंद खरा होता, त्यात काडीचीही भेसळ नव्हती, आणि तो तिला अख्खा मिळाला. निदान उठून उभी राहीपर्यंत.

“ऐकलं मी! ऐकलं!” टिंड्रा तिच्या कानात किंचाळली आणि डोळा मारून लांब पळाली.

घोंगडी उडाली, खोकं उघडलं, सोनेरी हेल्मेटं हातोहात फिरली. मिर्यमच्या वाट्याला आलेलं जरा मोठं होतं, ते कपाळावर घसरत होतं. गुनिल्ला बुटांनिशी घसरत, पडत-झडत बर्फावर आली आणि तिनं मिर्यमला मिठी मारली. बराच वेळ मारली. पण मग चेहऱ्याकडे न बघता दुसरीकडे वळली. मोठ्या पडद्यावर गोल पुन्हा पुन्हा दाखवत होते. चुकीचा पास, असं निवेदक म्हणत होता. एवढी अनुभवी खेळाडू, आणि इतकी पोरकट चूक! बिचारी दमली असावी. चित्राला आवाज नव्हता.

मग हस्तांदोलनाची रांग लागली. हरलेल्या एका बाजूनं, जिंकलेल्या दुसऱ्या बाजूनं. हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, पुढे सरकायचं.

रूत नववी होती. मिर्यमला ती लांबूनच दिसली. हेल्मेट काढलेलं, केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. पहिल्या आठ जणींशी मिर्यम काय बोलली ते तिला आठवत नाही. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. म्या मुद्दाम न्हाई. न्हाई, हे नको. आयक की गं. मला शिव्या घाल. दोन शिव्या घाल, चांगल्या सणसणीत, आन मग आपून कॉफी पिऊ. रूतनं शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं. हात उगारला असता तरी चाललं असतं.

ती समोर आली. तिनं हात पुढे केला. मिर्यमनं तो धरला, दोन्ही हातांनी.

रूतनं तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं. तिथे राग नव्हता. मिर्यमनं शोधला, पण नव्हता.

“अभिनंदन, मिर्यम,” ती स्वीडिशमध्ये म्हणाली. शुद्ध, स्पष्ट, शाळेत शिकवतात तशा स्वीडिशमध्ये. “तुम्ही छान खेळलात.”

“रूत, आयक की गं—”

पण हात सुटला होता. सोनेरी हेल्मेट पुन्हा कपाळावर घसरलं, आणि ते वर सारेपर्यंत रूत मागच्या मुलीपाशी पोचलीही होती. मिर्यमला तिचा आवाज ऐकू आला, तोच, तितकाच नीट.

“अभिनंदन, टिंड्रा. तुम्ही छान खेळलात.”